जोसेफ मारी जकार्ड आणि आमच्या घरची वही

शाळेच्या पहिल्याच दिवशी गुरुजींनी उद्या येताना प्रत्येकाने वही आणावी असे सांगितले आणि मी पुरता गोंधळून गेलो. आमच्या घरात वही होती, पण ती आप्पांच्या मागावर टांगलेली होती. ती सोडून शाळेत नेली असती तर संध्याकाळी चूल पेटली नसती. घरी येऊन मी हे रडत सांगितले, तेव्हा अक्का पोट धरून हसली, आणि मग शेजारच्या दुकानातून तिने मला लिहायची वही आणून दिली. कोष्ट्याच्या घरात जन्मलेल्या मुलाला वहीचे दोन अर्थ असे एकाच दिवसात कळले. संपादक विद्यार्थ्यांनी यंदाच्या अंकासाठी एखाद्या शास्त्रज्ञाचे चरित्र मागितले, तेव्हा मला न्यूटन वा आइन्स्टाइन न आठवता पहिल्यांदा ती मागावरची वही आठवली, आणि तिच्यासाठी आयुष्य घालवणारा एक फ्रेंच विणकर आठवला. त्याचे नाव जोसेफ मारी जकार्ड.

ज्यांनी माग जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी प्रथम ही वही म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. कापडात दोन प्रकारचे धागे असतात. उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. धोटा बाण्याचा धागा घेऊन ताण्यातून इकडून तिकडे जातो. पण तो जायला वाट हवी. त्यासाठी ताण्यातले काही धागे वर उचलले गेले पाहिजेत आणि बाकीचे खाली राहिले पाहिजेत. हे उचलण्याचे काम वही करते. मजबूत दोऱ्याचे शेकडो उभे फासे दोन पट्ट्यांच्या मध्ये ताणून बसवलेले असतात आणि प्रत्येक फाशाच्या मध्यावर एक डोळा असतो. ताण्याचा एकेक धागा एकेका डोळ्यातून ओवलेला असतो. विणकराने पायाखालची पट्टी दाबली की ती सबंध वही वर जाते आणि तिच्यातले सारे धागे एकदम उचलले जातात.

साध्या कापडाला अशा दोन वह्या पुरतात. एक धागा पहिल्या वहीत, पुढचा दुसऱ्या वहीत, असे चालते. परंतु कापडात वेल, फूल किंवा मोर हवा असेल तर? मग प्रत्येक ओळीला वेगळेच धागे उचलावे लागतात. वह्या वाढवत वाढवत किती वाढवणार, आणि विणकराला पाय तरी किती असणार? एका वहीतले सारे धागे एकमेकांशी बांधलेले असतात, त्यामुळे त्यांपैकी एकच धागा वेगळा उचलता येत नाही. सगळी अडचण या एका गोष्टीत आहे, आणि जकार्डचे सगळे कर्तृत्वही याच गोष्टीशी बांधलेले आहे.

जकार्डचा जन्म ७ जुलै १७५२ रोजी फ्रान्समधील ल्यों या शहरात झाला. ल्यों हे रेशमाचे शहर. राजवाड्यांतले पडदे, सरदारांचे अंगरखे आणि धर्मगुरूंची वस्त्रे तेथे विणली जात. जोसेफचे वडील मागवाले, स्वतःचा कारखाना असलेले विणकर होते. घरात नऊ मुले जन्मली. त्यांतली दोनच मोठी झाली, एक जोसेफ आणि एक त्याची बहीण. जोसेफ दहा वर्षांचा असताना आई गेली. त्याला रीतसर शाळा अशी मिळालीच नाही. पुढे बहिणीचा नवरा, जो छपाईचा आणि पुस्तकांचा व्यवसाय करीत असे, त्याने या मुलाला लिहायला वाचायला शिकवले.

त्या काळी ल्योंमध्ये नक्षीचे कापड कसे विणले जाई हे पाहण्यासारखे आहे. तेथे नक्षीच्या मागावर धागे वहीच्या पट्टीला बांधलेले नसत. प्रत्येक धाग्याच्या डोळ्याला वरून स्वतंत्र दोरी असे आणि अशा दोऱ्यांचे गठ्ठे बाजूला सोडलेले असत. विणकर धोटा फेकी, आणि बाजूला बसलेले एक पोर दरवेळी ठरलेला गठ्ठा ओळखून ओढून धरी. खाली प्रत्येक धाग्याला वजन बांधलेले असल्याने हा ओढ काही हलका नसे. दिवसभर, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, ओढायचे आणि सोडायचे. एखादा गठ्ठा चुकला की नक्षी बिघडे. या कामाला मुले लावीत, आणि त्यांत मुलीही पुष्कळ असत. आपल्याकडे बनारसलाही नक्षीच्या मागावर अशाच दोऱ्या ओढणारा मदतनीस विणकराबरोबर बसत असे. कापडावरच्या फुलाचे कौतुक साऱ्यांनी केले, पण ते फूल वर उचलणाऱ्या पोराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

हे वाचताना मला माझी अक्का दिसते. बेळगावच्या खासबाग, वडगाव, शहापूर या भागांत तेव्हा गल्लोगल्ली माग होते. एकाच गल्लीत कोणी त्याला माग म्हणे, कोणी मग्ग म्हणे, आवाज मात्र एकच असे. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी पहिलीत गेलो तेव्हा तिची शाळा सुटून दोन वर्षे झाली होती. चौथीपर्यंत ती शिकली, आणि गुरुजींनी घरी येऊन सांगितले तरी पुढे गेली नाही. कारण नवा ताणा लावायचा की वही भरायला दोन माणसे लागत. आप्पा पुढून बारीक आकडा डोळ्यातून घालीत आणि अक्का मागे बसून एकेक धागा वेचून त्या आकड्यावर देई. हजारो धागे असत आणि काम दोन दोन दिवस चाले. एक धागा चुकीच्या डोळ्यात गेला तर साऱ्या लुगड्यात उभी रेघ पडे आणि व्यापारी मजुरी कापी. काठावर नक्षी असली की बाजूच्या दोऱ्या ओढायलाही तीच बसे. मी शेजारी बसून पाढे पाठ करीत असे. मला कोणी मागावर बसवले नाही. मुलगा म्हणून माझी शाळा वाचली आणि ती अक्काच्या शाळेवर वाचली, हे समजायला मला फार वर्षे लागली.

पुन्हा ल्योंकडे वळू. १७७२ मध्ये वडील वारल्यावर जोसेफकडे घर, माग आणि थोडी मालमत्ता आली. १७७८ मध्ये त्याने क्लोदीन बुआशों या विधवेशी लग्न केले आणि पुढच्या वर्षी त्यांना मुलगा झाला. पण व्यवहारात हा मनुष्य कच्चा निघाला. कर्जे झाली. वडिलांची मालमत्ता गेली, बायकोचीही गेली. निरनिराळे उद्योग करून तो पोट भरू लागला. चाळिशी ओलांडली तरी ज्यासाठी त्याचे नाव घ्यावे असे त्याच्या हातून काहीच घडले नव्हते. विद्यार्थी मित्रांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. विसाव्या वर्षी पहिल्या वर्गात न आल्याने आपले आयुष्य संपले असे मानणारे अनेकजण मला दरवर्षी भेटतात.

इतक्यात फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. १७९३ मध्ये ल्यों शहर पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारविरुद्ध उठले आणि त्याला वेढा पडला. जकार्ड शहराच्या बाजूने लढला. शहर पडल्यावर मुलाला घेऊन तो निसटला, आणि दोघेही नाव बदलून क्रांतीच्याच सैन्यात दाखल झाले. तेथे १७९७ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गजवळ त्याचा मुलगा गोळी लागून मरण पावला. अठरा वर्षांचा एकुलता एक मुलगा. पुढच्या वर्षी जकार्ड एकटाच ल्योंला परतला. घर नाही, पैसा नाही, मुलगा नाही. अशा अवस्थेत, पन्नाशी जवळ आली असताना, त्याने मागाच्या सुधारणेचे काम हाती घेतले.

१८०१ मध्ये पॅरिसच्या औद्योगिक प्रदर्शनात त्याने सुधारलेला माग मांडला आणि त्याला कांस्यपदक मिळाले. नंतर त्याने मासेमारीचे जाळे विणणारे यंत्र केले, आणि १८०३ मध्ये त्याला पॅरिसला बोलावणे आले. तेथील कला व यंत्रविद्येच्या राष्ट्रीय संस्थेत त्याला काम मिळाले. त्या संस्थेत जुन्या यंत्रांचा मोठा संग्रह होता आणि त्यांत व्होकान्सों नावाच्या यंत्रज्ञाचा एक माग पडून होता. हा व्होकान्सों म्हणजे दाणे टिपणारे यांत्रिक बदक करून युरोपला थक्क करणारा गृहस्थ. १७४५ च्या सुमारास त्याने हा माग केला होता, पण कारखान्यांनी तो स्वीकारला नव्हता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जकार्डने सगळे शून्यातून निर्माण केले असे आपण पाठ्यपुस्तकांतून शिकतो, ते खरे नाही. १७२५ मध्ये बूशों नावाच्या ल्योंच्याच कारागिराने भोके पाडलेल्या कागदाच्या पट्टीने कोणते धागे उचलायचे हे ठरवण्याची युक्ती काढली होती. १७२८ मध्ये फाल्कों याने कागदाऐवजी पुठ्ठ्याची कार्डे एकमेकांना शिवून त्यांची साखळी केली. पण ते कार्ड सुयांवर दाबून धरायला माणूस लागेच. व्होकान्सोंने ही यंत्रणा मागाच्या डोक्यावर बसवली आणि मदतनीस काढून टाकला, परंतु त्याची नक्षी एका नळकांड्याच्या घेरात संपत असे. जकार्डने फाल्कोंची साखळी आणि व्होकान्सोंची डोक्यावरची यंत्रणा यांची गाठ मारली. चार हातांनी तोडलेले धागे पाचव्याने जोडावेत, तसे हे झाले. १८०४ मध्ये त्याचा माग तयार झाला.

त्याची रचना समजायला अवघड नाही. मागाच्या वर आकड्यांच्या रांगा असतात. प्रत्येक आकड्याला खाली दोरी, दोरीला डोळा, डोळ्यात ताण्याचा धागा आणि तळाला धागा खाली आणणारे वजन. म्हणजे वहीची पट्टी नाहीशी झाली आणि डोळा तेवढा राहिला. प्रत्येक आकड्याला एक आडवी सुई जोडलेली असते. या सुयांच्या टोकांसमोर एक चौकोनी ठोकळा असतो आणि त्यावर पुठ्ठ्याचे कार्ड येऊन बसते. ठोकळा सुयांवर येऊन टेकतो. जेथे कार्डाला भोक आहे तेथे सुई आत शिरते, आकडा जागेवर राहतो, वर जाणारी पट्टी त्याला उचलते आणि धागा वर जातो. जेथे भोक नाही तेथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, आकडा पट्टीवरून सरकतो आणि धागा खालीच राहतो. एक धोटा गेला की ठोकळा पाव फेरा फिरतो आणि पुढचे कार्ड येते. कार्डांच्या माळेची दोन टोके जोडली की तीच नक्षी पुन्हा पुन्हा येत राहते. विणकराने फक्त पायाखालची पट्टी दाबायची. दोऱ्या ओढणाऱ्या पोराचे काम संपले.

१८०५ च्या एप्रिलमध्ये नेपोलियन जोसेफीन राणीसह ल्योंला आला आणि त्याने हा माग पाहिला. या मागाचे हक्क सरकारने ल्यों शहराच्या स्वाधीन केले. जकार्डला ३,००० फ्रँकचे तहहयात वार्षिक वेतन, आणि सहा वर्षेपर्यंत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मागामागे ५० फ्रँक मिळावेत असे ठरले. शोध शहराचा झाला, कोणा एका कारखानदाराचा राहिला नाही. आरंभी या मागात दोष होते. कार्डे पुढे सरकवणारा भाग नीट चालत नसे. ब्रेतों नावाच्या यंत्रज्ञाने १८१५ च्या सुमारास तो सुधारला आणि त्यानंतरच मागाचा प्रसार वेगाने झाला. म्हणजे जकार्डच्या आधी तिघे होते तसा नंतरही एक होताच. १८१९ मध्ये फ्रान्सने जकार्डला मानाचे पदक दिले.

परंतु विणकरांनी त्याला डोक्यावर घेतले असे समजू नये. त्याचे माग भर चौकात मोडून जाळले, त्याच्या जिवावर लोक उठले, अशा कथा ल्योंमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. त्यांतला तपशील थोडा बाजूला ठेवला तरी भीती खोटी नव्हती. दोऱ्या ओढणारे पोर कामावरून सुटले, पण त्या पोराची चार नाण्यांची मजुरीही घरातून सुटली. नवे माग इतके उंच होते की त्यांच्यासाठी क्रुआ-रूस या टेकडीवर जवळजवळ चार मीटर उंच छतांची घरे बांधावी लागली. विणकर त्याच घरात राहत आणि त्याच घरात विणत. कापड जास्त निघू लागले, पण भाव ठरवणारे व्यापारी होते. १८३१ मध्ये विणकरांनी मजुरीचा किमान दर मागितला. तो ठरला, आणि अनेक व्यापाऱ्यांनी तो पाळण्याचे नाकारले. त्या नोव्हेंबरात विणकर रस्त्यावर उतरले आणि काही दिवस सारे शहर त्यांच्या ताब्यात होते. १८३४ च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा उठले, तेव्हा सैन्याने त्यांना चिरडले. म्हातारा जकार्ड तेव्हा शहरालगत ऊलँ या गावी राहत होता. त्यानंतर चार महिन्यांनी, ७ ऑगस्ट १८३४ रोजी, तो तेथेच वारला. सहा वर्षांनी शहराने त्याचा पुतळा उभारला.

पुढची हकीकत आपल्या संगणक विभागातील विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. १८३९ मध्ये ल्योंच्या विणकरांनी जकार्डचे चित्र रेशमात विणले. त्याला २४,००० कार्डे लागली. इंग्लंडमधील गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांच्याकडे त्याची एक प्रत होती. त्यांच्या नियोजित गणनयंत्राला आज्ञा देण्यासाठी त्यांनी अशीच भोकांची कार्डे योजली होती. त्या यंत्रावर १८४३ मध्ये टिपणे लिहिणाऱ्या एडा लव्हलेस यांनीही जकार्डच्या मागाचा दाखला दिला. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथ यांनी भोकांची कार्डे वापरून माणसे मोजली. भोक आहे किंवा नाही, एक किंवा शून्य, एवढ्या दोनच अक्षरांत सारे काही लिहिता येते हे मी वर्गात फळ्यावर शिकवतो. पण मला ते प्रथम फळ्यावर दिसले नाही.

मी पाचवीत असताना आप्पांनी जुने, वापरलेले एक लहान जकार्ड आणून मागावर चढवले. काठाच्या दोऱ्या ओढण्याचे काम त्या दिवशी थांबले. अक्का तेव्हा सोळा वर्षांची होती. तिने ती कार्डांची माळ हातात घेतली, दोन दिवस उलटसुलट पाहिली, आणि तिसऱ्या दिवशी कोणत्या कार्डावर फुलाची पाकळी सुरू होते आणि कोणत्यावर देठ संपतो हे बोट ठेवून सांगू लागली. एकदा काठाची नक्षी बिघडली तेव्हा सबंध माळ चाचपून तिने फाटलेले भोक शोधून काढले. चौथी शिकलेली ही मुलगी एक आणि शून्याची भाषा वाचत होती आणि तिला किंवा आम्हांला त्याचा पत्ताही नव्हता. तिचे हात मोकळे झाले खरे, पण मोकळ्या हातांत आता पाटी द्यावी असे घरात कोणाला सुचले नाही. मलाही नाही. कांड्या भरण्याचे काम होतेच. तिला त्यावर बसवले. दोन वर्षांनी तिचे लग्न झाले.

म्हणून जकार्डचे चरित्र वाचताना मला त्याच्याविषयी आदर वाटतो, पण केवळ आदर वाटून भागत नाही. त्याने ताण्याचा प्रत्येक धागा वहीच्या पट्टीतून सोडवला आणि स्वतंत्र केला, आणि मागाशेजारचे पोरही सोडवले. एका गरीब, कर्जबाजारी, पुत्रशोकात बुडालेल्या माणसाने हे केले, ही केवढी गोष्ट! पण यंत्र माणसाचे हात सोडवते, एवढेच त्याचे काम. त्या सुटलेल्या हातांत पुस्तक द्यायचे, दुसरे ओझे द्यायचे की भीक मागायची पाळी आणायची, हे यंत्र ठरवीत नाही. ते ल्योंच्या व्यापाऱ्यांनी ठरवले, आमच्या घरात आम्ही ठरवले, आणि आज नवनव्या यंत्रांच्या बाबतीत तुम्हांला ठरवायचे आहे.

गेल्या वर्षी अक्का काही दिवस माझ्याकडे राहायला आली होती. माझ्या टेबलावर जकार्डच्या त्या रेशमी चित्राचे छायाचित्र होते. हातात कंपास घेऊन बसलेला म्हातारा आणि शेजारी मागाचा छोटा नमुना. हा कोण म्हणून तिने विचारले. मी सारी हकीकत सांगितली. ती बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिली आणि मग, या माणसाला आणखी दहा वर्षे आधी आपल्या घरी का आणले नाही, एवढेच तिने मला विचारले. मी गणिताचा अध्यापक. पण त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या महाविद्यालयापासून वडगाव आणि खासबाग काही दूर नाहीत. हातमाग आता फार थोडे उरले असले तरी यंत्रमागांचा आवाज तेथे अजून ऐकू येतो. एखाद्या रविवारी जा, मागावरची वही पाहा, तिचा डोळा पाहा. आणि धागा देणारे हात कोणाचे आहेत, तेही पाहून या.